लायसन्सचं हत्यार घेताय? मग आधी तिजोरी बसवा

रिव्हॉल्व्हर घेऊ का पिस्तूल, हा प्रश्न आमच्या नेमबाजीच्या क्लबात नवीन आलेला जवळपास प्रत्येक माणूस विचारतो आणि मी त्याला उलट विचारतो की घरात ठेवणार कुठे, चावी कोणाकडे राहणार, पोरं केवढी आहेत. बहुतेकांकडे याचं उत्तर नसतं. मॉडेल पाठ असतं, किंमत पाठ असते, पण ठेवायच्या बाबतीत विचार कपाटात साड्यांच्या खाली याच्या पुढे गेलेला नसतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. हत्यार विकत घेणं ही एका दिवसाची गोष्ट आहे, सांभाळणं रोजचं आहे, आणि लायसन्सच्या हत्याराने माणूस जायबंदी होतो तो बऱ्याचदा घरातच होतो, समोर चोर बीर कोणी नसताना.

१ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली ती बातमी तुम्ही वाचलीच असेल. कोलकात्याला निघायची घाई, रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून पडलं आणि गोळी सुटली असं तेव्हा सांगितलं गेलं. हल्ला नाही, भांडण नाही, स्वतःचं घर आणि स्वतःचं हत्यार. पायावर निभावलं ते नशीब, तीच नळी जरा वर असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. हा प्रकार का होतो ते पुढे नीट सांगतो कारण त्यामागे यंत्राचं साधं कारण आहे आणि ते माहीत असलं तर टाळता येतं.

लायसन्सचं थोडक्यात

आपल्याकडे हत्यार बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम, या दोन्हींवर सगळं चालतं. वय २१ पूर्ण लागतं. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे असं पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तालयात अर्ज, बाकी जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, मग पोलीस स्टेशनची चौकशी होते, शेजारीपाजारी विचारतात, गुन्हे बघतात, शारीरिक आणि मानसिक तब्येतीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट लागतं आणि हत्यार घरी सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र द्यावं लागतं. या हमीपत्रावर लोक न वाचता सही करतात, ते करू नका, ते तुमच्या गळ्यातलं बंधन आहे.

कारण सांगताना खरं सांगा. धमकी आली असेल तर तेव्हाच पोलिसात तक्रार दिलेली पाहिजे, तिची प्रत जोडा. रोख रक्कम ने-आण करत असाल, लांबच्या मळ्यावर एकटं घर असेल, तसं लिहा. "समाजात प्रतिष्ठा आहे म्हणून" असं लिहिलेले अर्ज मी बघितलेत, ते परत येतात आणि यायलाच पाहिजेत. अर्ज नाकारला तर नाकारण्याचं कारण लेखी मागा, अपील करता येतं. एजंटाला पैसे देऊन काम होतं असं कोणी सांगितलं तर त्याच्या नादी लागू नका.

२०१९ च्या दुरुस्तीने तीन-चार गोष्टी बदलल्या त्या लक्षात ठेवा. एका माणसाला आता जास्तीत जास्त २ हत्यारं, आधी ३ होती. लायसन्सची मुदत ५ वर्षं, आधी ३ होती. लग्नात वरातीत हवेत गोळीबार केला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि विनालायसन्स साधं हत्यार सापडलं तरी किमान २ वर्षं, ५ वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे "तात्पुरतं" म्हणून गावठी कट्टा कोणी आणून देत असेल तर त्या माणसालाच लांब ठेवा, जेलचं तर आहेच पण तसल्या कट्ट्याला नळी कसली लावलीय, जोड कसा आहे, काहीच भरवसा नसतो, तो वापरणाऱ्याच्या हातात फुटतो आणि बोटं जातात.

अजून एक. लायसन्स कुठपर्यंत चालतं ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, फक्त जिल्हा, फक्त महाराष्ट्र का ऑल इंडिया. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांनी हे विशेष बघावं, कारण पलीकडे गोव्यात जाणं आपल्याला गल्लीतून गल्लीत गेल्यासारखं वाटतं पण महाराष्ट्रापुरतं लायसन्स घेऊन हत्यारासकट पत्रादेवीचा नाका ओलांडला की तो गुन्हा होतो.

कुठलं घ्यायचं

साध्या माणसाला मिळतं ते नॉन प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी नसलेल्या मापाच्या नळीचं, बोलीभाषेत एनपीबी. ९ एमएम, .३०३ हे सैन्या-पोलिसांचे बोअर, ते आपल्याला नाहीत, त्यामुळे परदेशी व्हिडिओ बघून ९ एमएमची स्वप्नं बघण्यात वेळ घालवू नका. हातातलं हत्यार म्हटलं की .३२ रिव्हॉल्व्हर किंवा .३२ पिस्तूल, आणि लांब हत्यारात बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक. परदेशातून आयात ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला बंद आहे, म्हणून बाजारात जे विलायती वेब्ली वगैरे फिरतं ते जुनं, हातोहात विकलेलं, आणि त्याची किंमत लाखांत. नावापायी लोक देतात. माझं स्पष्ट मत आहे की स्वसंरक्षणासाठी पन्नास-साठ वर्षं जुनं हत्यार घेऊ नये, स्प्रिंग थकलेली असते, घोड्याची, म्हणजे काडतुसावर आपटणाऱ्या हातोडीची, खाच झिजलेली असते, पार्ट मिळत नाहीत, आणि जुन्या डिझाइनला पडल्यावर गोळी सुटू नये याची आतली व्यवस्था बऱ्याचदा नसते.

नवीन म्हटलं की मुख्यतः सरकारी कारखान्यांचा माल. आधी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड होतं, २०२१ मध्ये त्याच्या सात कंपन्या झाल्या, त्यातली हत्यारांची कंपनी कानपूरला आहे. .३२ चं साधं रिव्हॉल्व्हर आहे, २०१४ मध्ये आलेलं निर्भीक आहे जे टायटॅनियम मिश्रधातूचं आणि साधारण अर्धा किलोचं आहे, महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि २०२३ मध्ये प्रबळ आलं ज्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडतं. बाकीची मधून मोडतात, म्हणजे वरचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि मागून काडतुसं वर येतात. पिस्तुलात अशनी.

हलकं म्हणजे चांगलं असं समजू नका. हलकं हत्यार बाळगायला सोपं पण झटका जास्त देतं आणि हातात जास्त हलतं. .३२ चा झटका तसा कमीच असतो पण ज्याच्या मनगटात ताकद कमी त्याला फरक कळतो. दुकानात गेलात की डीलरला सांगून रिकामं हत्यार हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा. मूठ हातात पूर्ण बसते का, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचतं का, आणि घोडा न चढवता नुसता ट्रिगर ओढून नळी न हलवता पूर्ण मागे नेता येतो का. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर असा ओढायला जड असतो, बऱ्याच जणांचा नेम तिथेच खाली-डावीकडे जातो. पिस्तुलाच्या बाबतीत स्लाईड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, स्वतःच्या ताकदीने पूर्ण मागे ओढून बघा. घरात अजून एखाद्याच्या नावावर लायसन्स काढून तेच हत्यार दोघांनी वापरायचा विचार असेल तर त्या व्यक्तीलाही दुकानात न्या, विशेषतः संधिवात असलेल्या माणसाला स्लाईड ओढणं जमत नाही हे घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

माझी पसंती पहिलं हत्यार म्हणून रिव्हॉल्व्हर. भरलंय का रिकामं हे उघडलं की एका नजरेत दिसतं, मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढलं पण चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) एक राहिली हा पिस्तुलातला घोटाळा होत नाही, आणि एखादं काडतूस फुटलं नाही तर परत ट्रिगर ओढला की पुढचं समोर येतं. पिस्तूल चपटं, लपवायला सोयीचं, गोळ्या जास्त, पण त्याला सराव जास्त लागतो आणि सराव सुटला की माणूस सेफ्टी कुठल्या बाजूला आहे तेच विसरतो.

मळ्यावरच्या घराला, फार्महाऊसला बारा बोअर चांगली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या लायसन्सवर ती घरोघर आहे, अजून ठासणीच्याही आहेत. लांब असल्यामुळे पोराच्या हातात सहज येत नाही, खिशात घालून कोणी दारूच्या अड्ड्यावर नेत नाही. फ्लॅटमध्ये मात्र ती बोळातून वळवताच येत नाही. आणि शेतीसंरक्षण म्हणजे शिकार नव्हे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानडुकरालाही मनाला येईल तसं मारता येत नाही, वनखात्याची रीतसर परवानगी लागते. रात्री झुडपात हललं म्हणून बार टाकला आणि समोर आपलाच सोबती निघाला, असे प्रकार आपल्या राज्यात झालेत आणि होतायत.

काडतुसांचं एक नीट समजून घ्या कारण दुकानातही कधी कधी गोंधळ होतो. रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ हे एकच काडतूस नाही. रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ लाँग, मागे रुंद कड असलेलं आणि लांब. पिस्तुलाचं ते ७.६५ एमएम, आखूड. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या भोकात शिरतंसुद्धा, पण त्याच्यासाठी ते हत्यार बनवलेलं नाही, त्यामुळे "बत्तीसच आहे ना" म्हणून मित्राकडून उसनी घेऊ नका, तसंही अशी देवाणघेवाण बेकायदेशीर आहे. काडतुसाच्या बुडावर केएफ असं कोरलेलं दिसलं तर तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा माल. बिलावर तारीख असते, डब्यावर मार्करने लिहून ठेवा, जुनी आधी रेंजवर संपवायची आणि घरी नवीन ठेवायची.

हातात घेतल्यावर

नियम चारच आहेत आणि जगात कुठेही गेलात तरी हेच शिकवतात. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं, आत्ता स्वतः रिकामं केलं असलं तरी. जिथे गोळी गेलेली चालणार नाही तिथे नळी न्यायची नाही. नेम धरून मारायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर जायचं नाही, बोट सरळ नळीच्या बाजूला चौकटीवर टेकलेलं. आणि समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय गोळी सोडायची नाही. एकापेक्षा जास्त नियम एकदम मोडल्याशिवाय सहसा माणूस मरत नाही, पण घाईत ते एकदमच मोडतात.

दुसरा नियम आपल्या फ्लॅटच्या जगात अवघड आहे. "सुरक्षित दिशा" कुठली? जमिनीकडे म्हणाल तर खाली कोणीतरी राहतंय. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम आहे, दार आणि जिप्समचं पार्टिशन तर गोळीला काहीच नाही. यावर सोपा उपाय म्हणजे एक मोठी बादली कोरड्या वाळूने गच्च भरून तिजोरीजवळ कोपऱ्यात ठेवायची आणि हत्यार भरताना, रिकामं करताना, तपासताना नळी त्या बादलीतच ठेवायची. पोलिसांच्या हत्यारखान्याशी वाळूचा खोका असतो तो याचसाठी. बादलीचा खर्च कितीसा, पण मी बघितलेल्या लायसन्सवाल्यांच्या घरात ती क्वचितच दिसते.

पिस्तूल रिकामं करायचा क्रम पाठ करा. नळी बादलीकडे, बोट बाहेर. आधी मॅगझीन काढायचं. ते बाजूला टेबलावर. मग स्लाईड जोरात मागे, चेंबरमधलं काडतूस उडून बाहेर पडतं, ते पडलेलं दिसलं पाहिजे. परत एक-दोनदा स्लाईड ओढा. मग स्लाईड मागे धरून चेंबरमध्ये नुसतं बघू नका, करंगळी आत घालून चाचपून बघा, कारण अंधुक उजेडात डोळा फसतो. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाईड ओढली आणि नंतर मॅगझीन काढलं, तर पहिलं काडतूस बाहेर पडतं आणि त्याच क्षणी मॅगझीनमधलं दुसरं आत जाऊन बसतं. माणसाला वाटतं की मी स्लाईडही ओढली, मॅगझीनही काढलं, म्हणजे रिकामं आहे, आणि "बघ रिकामं आहे" म्हणून ट्रिगर दाबून दाखवतो. रिकामं समजून गोळी लागली अशा बातम्यांच्या मागे बऱ्याचदा एवढाच क्रम चुकलेला असतो.

रिव्हॉल्व्हर उघडलं की नळी वर करून काडतुसं तळहातावर पाडायची, मोजायची, आणि मग सिलिंडरची सहाच्या सहा भोकं उजेडाकडे धरून आरपार बघायची. बारा बोअर मोडली की दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे, नळीत कधी कधी कुंभारमाशीचं घर, चिंधी, काहीही निघतं आणि तसाच बार टाकला तर नळी फाटते.

आता ते पडल्यावर गोळी का सुटते ते. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचं टोक सरळ काडतुसाच्या बुडाशी टेकलेलं किंवा अगदी जवळ असतं. हत्यार पडताना घोड्यावर आपटलं की ते टोक काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडातल्या ठिणगी देणाऱ्या भागावर, बसतं आणि बार होतो, ट्रिगरला कोणी हातही लावलेला नसतो. नव्या डिझाइनमध्ये मध्ये एक पट्टी असते, ट्रिगर पूर्ण ओढल्याशिवाय ती सरकत नाही. तुमच्या हत्यारात ती आहे का हे डीलरला किंवा कारागिराला उघडून दाखवायला सांगा. नसेल, किंवा खात्री नसेल, तर सहाच्या जागी पाचच काडतुसं भरायची आणि घोड्याच्या खालचं भोक रिकामं ठेवायचं. नुकसान काही नाही, कारण ट्रिगर ओढला की सिलिंडर फिरून पुढचं भोक समोर येतं, पहिलाच बार होतो. आणि हत्यार हातातून निसटलं तर पडू द्या. झेलायला जाऊ नका. झेलताना बोटं ट्रिगरवरच जातात.

घरात ठेवायचं कसं

स्टीलची तिजोरी, भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्ट मारलेली. गोदरेजच्या कपाटाचं आतलं लॉकर म्हणजे हत्याराची तिजोरी नव्हे, त्या कपाटाची चावी घरात सगळ्यांना माहीत असते, देवघराच्या खणात किंवा कपाटाच्या वरच. पोरांना घरातली प्रत्येक लपवायची जागा माहीत असते, दिवाळीचा फराळ कुठे ठेवलाय ते ज्यांना वासावरून कळतं त्यांना गादीखालचं पिस्तूल सापडणार नाही असं समजणारा माणूस स्वतःला फसवतोय. हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि लायसन्स ज्याच्या नावावर त्याच्याच कडे चावी. मोठं कुटुंब असेल, भाचे-पुतणे सुट्टीत येत असतील, तर हे दुप्पट काटेकोर.

यावर लोक म्हणतात की मग रात्री चोर आला तर दोन कुलपं उघडत बसू का. प्रश्न रास्त आहे. ज्याला खरोखर धोका आहे त्याने पलंगाशेजारी बोल्ट केलेली, आकड्यांच्या बटणांवर उघडणारी छोटी पेटी बसवावी, रात्री झोपताना हत्यार तिच्यात, सकाळी उठल्यावर परत मोठ्या तिजोरीत, हा शिरस्ता एक दिवससुद्धा न चुकता. उशीखाली मात्र कधीच नाही. झोपेतून दचकून उठलेला माणूस पहिली दहा सेकंद माणसात नसतो आणि पाणी प्यायला उठलेली मुलगी त्याला चोर वाटू शकते.

पोरांपासून विषय लपवू नका. एकदा नीट सांगा की घरात हत्यार आहे, ते खेळणं नाही, कुठेही दिसलं, मित्राच्या घरी दिसलं तरी, हात लावायचा नाही, तिथून निघून यायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. कुतूहल असेल तर मुलाला रायफल क्लबला घेऊन जा. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचा ब्राँझवाला स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिलेत, ते काही घरातल्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर काढून शिकले नाहीत.

मुंबई-कोकणच्या हवेत गंज हा मोठा शत्रू. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून तिजोरीत ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पावसाळा संपला की हत्यारावर होल्स्टरच्या आकाराचा गंज मिळतो. पातळ तेलाचा हात, सुती फडकं, तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्यातून एकदा बाहेर काढून पुसणं, पुरे. तेल चोपडायचं नाही, ते ओघळून काडतुसाच्या टोपीत शिरलं की काडतूस मेलं.

दसरा आणि वरात

खंडेनवमीला, दसऱ्याला शस्त्रपूजन आपण करतो आणि करावं. पण त्याच दिवशी हत्यार तिजोरीबाहेर असतं, घरात पाहुणे असतात, पोरं भोवती असतात आणि यजमान सोवळ्यात गडबडीत असतो. पूजेला मांडायच्या आधी दाराआड रिकामं करा, दोनदा तपासा, काडतुसं पूजेला मांडायचीच नाहीत, ती कुलपात. नळीचं तोंड भिंतीकडे, बसलेल्या माणसांकडे नाही. हळदकुंकू ओल्या बोटाने पोलादावर लागलं की रात्रीत डाग पडतो, म्हणून मुठीला लावा आणि संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसा. फोटो काढायला कोणाच्या हातात देऊ नका, हत्यार घेतलेला स्टेटस टाकला की पोलीस घरी येतात आणि लायसन्स जाऊ शकतं.

लग्नात, बारशाला, मिरवणुकीत हत्यार घेऊन जायचंच नाही. हवेत मारलेली गोळी खाली येते आणि कोणाच्या तरी गच्चीवरच येते.

बाहेर बाळगायचं असेल तर होल्स्टरमध्ये, ट्रिगर पूर्ण झाकला जाईल असं, वर कपडा. सार्वजनिक ठिकाणी उघडं हत्यार मिरवणं नियमात बसत नाही. पँटच्या खिशात चाव्यांबरोबर नाही, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नाही, बायकोच्या पर्समध्ये नाही कारण लायसन्स तिच्या नावावर नाही. विमानाने जायचं असेल तर विमान कंपनीला आधी कळवून, रिकामं करून, चेक-इन सामानात, कागदपत्रांसकट, केबिनमध्ये कधीच नाही. पार्टी असेल, एक घोट जरी घ्यायचा असेल, तर त्या दिवशी हत्यार घरी.

वापरायची वेळ आली तर

भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची, १ जुलै २०२४ पासून लागू, आशय जुन्या दंडविधानातलाच. जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, अॅसिड हल्ला, अशा वेळी समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो. मालमत्तेच्या बाबतीत दरोडा, सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा गंभीर गोष्टी. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही. मोबाईल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तो खून धरला जाऊ शकतो, पार्किंगच्या भांडणात नुसतं काढून दाखवलं तरी गुन्हा.

म्हणून घरात आवाज आला की क्रम असा ठेवा. सगळ्यांना एका खोलीत घ्यायचं, दार आतून लावायचं, ११२ ला फोन, आणि हत्यार हातात घेतलं तरी तिथेच थांबायचं, अंधारात घरभर शोधत फिरायचं नाही. टॉर्च पाहिजेच, समोर कोण आहे ते दिसल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. "कोण आहे, पोलिसांना बोलावलंय" असं मोठ्याने ओरडा, चोर बहुतेकदा तेवढ्यावर पळतो आणि पळू द्या. गोळी चाललीच तर हत्यार खाली ठेवा, जखमीला मदत बोलवा, पोलीस येईपर्यंत काही हलवू नका आणि वकिलाला फोन करा.

सराव. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्याचं बालेवाडी, जिल्ह्याजिल्ह्यातले क्लब आहेत. .३२ ने सराव महाग पडतो, म्हणून १० मीटर एअर पिस्तूल शिका, ट्रिगर हळू ओढायची सवय तिथेच लागते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. घरी कोरडा सराव, म्हणजे गोळी न सोडता नुसता ट्रिगर ओढायचा सराव, करायचा तर डमी काडतुसं घाला आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात असू द्या, .२२ वर तर डमीशिवाय ट्रिगर ओढूच नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते. रेंजवर ट्रिगर ओढला आणि नुसतं टिक झालं तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबा, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. आणि बार होताना नेहमीच्या धडाक्याऐवजी फुस्स झालं तर तिथेच थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढची मारलीत तर नळी फुटेल. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लागतोच.

एक गोष्ट जी घरात बोलली जात नाही ती इथे बोलतो. घरात कोणी खूप खचलेलं असेल, धंद्यात बुडालेलं, कर्जात, नवरा-बायकोत टोकाचं भांडण चालू असेल, कोणी जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल, तर हत्यार त्या घरात ठेवू नका. लायसन्सधारक डीलरकडे ते रीतसर जमा करून पावती घेता येते, महिने दोन महिने राहू द्या. त्या वाईट रात्री हाताशी हत्यार नसणं याने माणूस वाचतो. टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं, फोन करा, लायसन्स जाईल या भीतीने गप्प बसू नका.

निवडणुकीत आचारसंहिता लागली की जमा करायची नोटीस येऊ शकते, मुदतीत जमा करा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या दोन महिने आधीच टाका, एक दिवस जरी उलटला तरी तुम्ही विनालायसन्स हत्यारवाले होता.

आणि तुमच्यानंतरचं आत्ताच ठरवा. आजोबा वारले, बंदूक माळ्यावर तशीच राहिली, वीस वर्षांनी घर पाडताना निघाली आणि नातू पोलीस स्टेशनला, असं आपल्याकडे होतं. लायसन्सवाला गेला की हत्यार विनाविलंब पोलीस स्टेशनला किंवा डीलरकडे जमा करायचं. वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं तर हयातीतच वारसाच्या नावावर करायला अर्ज करता येतो, मुलगा किंवा मुलगी लायसन्सला पात्र असली पाहिजे आणि तिने वरचं सगळं ट्रेनिंग घेतलेलं पाहिजे. जमा करताना मिळालेल्या पावतीवर हत्याराचा नंबर बरोबर पडलाय का ते तिथेच उभं राहून नळीवरच्या नंबरशी ताडून बघा, एक आकडा चुकला की पुढे वारसाला ते सोडवताना हेलपाटे पडतात.